मंगळवारी बायका येईनाशा झाल्या

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं घेऊन):

"ताई, मी बीएएमएस डॉक्टर आहे, वय 36. ठाणे-वाशी रेल्वेमार्गालगतच्या एका वस्तीत नागरी आरोग्य केंद्रात नोकरी करते आणि ती सांभाळून पीएचडी करते. विषय आहे, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची व्हीआयए तपासणी (सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं) आपल्या नेहमीच्या आरोग्य केंद्रांत कशी रुजवता येईल. चार केंद्रांतल्या सिस्टरना शिकवलं, आशाताईंच्या बैठका घेतल्या, मंगळवार ठरवला. पहिले तीन महिने एकेका केंद्रात पंधरा-वीस बायका यायच्या. पुढे मी जाणं कमी केलं आणि आकडा घसरत गेला. आता दोघी येतात, कधी एकही नाही. सिस्टर म्हणतात, 'मॅडम, तुम्ही असलात की येतात.' एकाच केंद्रात अजून गर्दी असते, पण तिथल्या सिस्टर वेगळ्याच आहेत, म्हणून ते केंद्र अपवाद धरून विश्लेषणातून काढायचं ठरवलंय. अठरा जणींना पांढरा डाग दिसला, त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं. अकरा जणी जाऊन आल्या, सात जणींचं पुढे काय झालं ते कळलं नाही. गाईड सर म्हणतात, 'हे संशोधन नाही, हा कार्यक्रमाचा अहवाल आहे.' मी कारण म्हणून 'जनजागृतीचा अभाव' लिहिलंय, तेही त्यांना पटत नाही. बाकी जे दिसतं ते प्रबंधात काय लिहिणार? एका केंद्रात तपासणीच्या खोलीला आतून कडी नाही, सिस्टर खुर्ची लावून दार अडवतात. असल्या गोष्टी? चौथं वर्ष लागलंय. सासूबाई विचारतात, 'अजून किती दिवस?' विषय बदलून प्रयोगशाळेतलं, आकड्यांत बसणारं काहीतरी घेऊ, की सोडून देऊ? मला तू म्हणा, मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन."

उत्तर:

तू म्हणायला सांगितलंस, म्हणून तू.

प्रबंधाचं नंतर बोलू. आधी त्या सात जणी. तुझ्या पत्रात त्या एका ओळीत येऊन गेल्या आणि लगेच सर सुरू झाले. पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, हे तू जाणतेस. त्यातल्या बऱ्याच जणींना काहीही निघणार नाही. बिघडलेल्या पेशींचा कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं जातात, प्रतिकारशक्ती कमी असेल तर 5 ते 10. पण या सातपैकी कोण त्या वाटेवर कुठवर आली आहे, हे ना तुला ठाऊक ना तिला. जिला काही नाही तीसुद्धा तू दिलेली चिठ्ठी डब्याखाली सरकवून महिनोन् महिने घाबरून बसली असेल.

तेव्हा या आठवड्यात रजिस्टर उघड, त्या त्या गल्लीच्या आशाताईंना बरोबर घे आणि सातही घरी जाऊन ये. घरात माणसं असतील तर 'केंद्रावर येऊन जा' एवढंच म्हण, बाकीचं तिच्याशी एकटीशी बोल. शक्य असेल तर एक दिवस रजा टाकून दोघी-तिघींबरोबर रुग्णालयात स्वतः जा. केसपेपरच्या खिडकीपासून तपासणीच्या टेबलापर्यंत त्यांच्याबरोबर चाललीस की बुडालेली मजुरी म्हणजे काय, 'उद्या या' म्हणजे काय, हे तुला कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा नीट कळेल. ते टिपायचं असेल तर नीतिशास्त्र समितीकडून सुधारित परवानगी घे. पण भेट परवानगीसाठी थांबवू नकोस. ती भेट डॉक्टर म्हणून आहे.

आता कडी.

ते वाक्य तू 'असल्या गोष्टी' म्हणून लिहिलंस. मी ते तीनदा वाचलं. बाई टेबलावर झोपलेली, पाय वर घेतलेले. सिस्टरने कापसाच्या बोळ्याने व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिटिक ॲसिड लावलंय आणि आता एक मिनिट थांबायचंय. त्या एका मिनिटात दाराबाहेर लसीकरणाची रांग आहे, कुणाचं तरी मूल रडतंय, आणि दाराला टेकवलेली प्लॅस्टिकची खुर्ची धक्का लागला की हलते. ती बाई घरी जाऊन शेजारणीला काय सांगेल? तुझ्या मंगळवारच्या आकड्याचा निम्मा उलगडा त्या शेजारणीपाशी असू शकतो. प्रबंधात काय लिहिणार म्हणून विचारतेस. हेच लिही.

व्हिनेगरची तपासणी उपयोगी आहे का, हा प्रश्न तुझ्यासाठी उरलेलाच नाही. तो खाडीपलीकडे, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुटला. टाटा मेमोरियलने 1998 मध्ये सुरू केलेल्या त्या अभ्यासात 35 ते 64 वयाच्या दीड लाख बायका होत्या. तपासणी डॉक्टरांनी केली नाही, शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांनी केली. 2013 मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी. केंद्र सरकारने 2016 मध्ये 30 ते 65 वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी करण्याची मार्गदर्शक चौकट काढली. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या किती बायकांनी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी केलेली होती? 1.9 टक्के.

आता त्याच मुंबईच्या अभ्यासातला दुसरा आकडा बघ. बोलावलेल्या बायकांपैकी 89 टक्के तपासणीला आल्या. त्याही झोपडपट्टीतल्याच होत्या, लाजऱ्या होत्या, घरातल्यांना विचारून पाऊल टाकणाऱ्या होत्या. म्हणजे बायका येतच नाहीत, हे खरं नाही. तिथे दारोदार जाऊन बोलावणारी माणसं होती, तपासणी वस्तीतच व्हायची, ते काम करणाऱ्यांना त्या दिवशी दुसरं काम नव्हतं, आणि पुढचे उपचार एका ठरलेल्या मोठ्या रुग्णालयात होते. तुझ्या सिस्टर मंगळवारी तपासणीशिवाय आणखी काय काय करतात, याची यादी केलीस का? 89 आणि 1.9 यांच्यामध्ये जे काही आहे तो तुझा विषय. आपल्याकडे त्यावर लिहिणारे फार थोडे आहेत. प्रयोगशाळेतलं काम करायला पुष्कळ माणसं आहेत, तू तिकडे जाऊ नकोस, हे मी अगदी ठामपणे सांगते.

सिद्ध झालेली गोष्ट आपोआप रुजत नाही, याचं उदाहरण तुझ्याच केंद्रात रोज फिरतंय. आशाताई बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांपर्यंत ज्या भेटी देतात, त्यांचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि 1999 मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. देशभर आशांमार्फत हा कार्यक्रम सुरू व्हायला 2011 उजाडलं. मधली बारा वर्षं शास्त्र अडलेलं नव्हतं.

तुझा आकडा घसरला म्हणून तू लाजून बसली आहेस. उत्तर प्रदेशात 120 आरोग्य केंद्रांत बाळंतपणाच्या वेळी काय काय करायचं याची एक तपासयादी वापरून पाहिली गेली. हार्वर्डची मंडळी त्यात होती, पैसा होता, आठ महिने प्रशिक्षक केंद्रावर येऊन सिस्टरना सोबत करायचे. सुरुवातीच्या दोन महिन्यांतच ठरलेल्या गोष्टींपैकी सुमारे 73 टक्के गोष्टी होऊ लागल्या. नुसत्या नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या केंद्रांत ते प्रमाण 42 होतं. प्रशिक्षक गेल्यावर चार महिन्यांनी ते 73 चं 62 झालं. आणि माता-बाळांचे मृत्यू? त्यात लक्षणीय फरक पडलाच नाही. हे सगळं 2017 मध्ये जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात जसंच्या तसं छापलं गेलं. सोबत करणारं माणूस उठून गेलं की काम ढिलं पडतं, हे तिथे दिसलं तेच तुझ्या मंगळवारी दिसतंय. 'मॅडम, तुम्ही असलात की येतात' हे सिस्टरचं वाक्य अवतरणात घालून निकालाच्या प्रकरणाच्या सुरुवातीला ठेव. आणि तू कोणत्या दिवशी कुठल्या केंद्रात होतीस, काय केलंस, खुर्च्या मांडल्यास की बायकांना हाक मारलीस, ते जुनी डायरी काढून तारीखवार लिहून काढ. तू स्वतः त्या प्रयोगाचा एक भाग होतीस, आणि तो भाग मोजता येतो.

तुझ्या सरांबद्दल. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं तू ऐकायला हवंस. आज तुझ्याकडे किती आल्या हे आहे. का आल्या, का थांबल्या, कुठे थांबल्या नाहीत, आणि यातलं दुसऱ्या केंद्रात जाऊन कामाला येईल असं काय, हे नाही. ते आलं की अहवालाचा प्रबंध होतो. पीएचडीच्या समितीपुढे जाताना मापं आधीच ठरवून जा. उपचाराचा गुण मोजायची मापं वेगळी आणि तो रुजला का हे मोजायची वेगळी. ही दुसरी मापं 2011 मध्येच नीट मांडली गेली आहेत: करणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना ते पटलं का, त्यांनी ते हाती घेतलं का, त्या जागेला ते शोभतं का, जमण्यासारखं आहे का, शिकवलं तसंच होतंय का, खर्च किती, किती जणींपर्यंत पोचलं, आणि टिकलं का. आठही घेऊ नकोस. तुझ्याकडे तीनच आहेत: पोचणं, शिकवलं तसं होणं, टिकणं. तिथेच थांब. उपचार काम करतो की नाही आणि तो रुजतो कसा, या दोन्हींवर कमी-अधिक भर देणारे संमिश्र अभ्यास कसे आखायचे याची मांडणी 2012 मध्ये झाली, त्यात तिसरा प्रकार, 'हायब्रिड टाइप 3', रुजवण्यावर मुख्य भर देणारा आहे. तुझं काम त्यात बसतं. सरांना हे नाव घेऊन सांग. तुला वाटतं त्यापेक्षा लवकर त्यांचा सूर बदलेल असं मला वाटतं, कारण समितीच्या भाषेत बोलता येईल असं काहीतरी त्यांनाही हवं आहे.

एक विनंती. सैद्धांतिक आराखड्यांच्या मागे लागू नकोस. हल्ली असे प्रबंध माझ्याकडे वाचायला येतात, त्यांत पहिल्या साठ पानांवर चार-चार इंग्रजी आराखडे चौकटींसकट असतात आणि आशाताई पान 140 वर भेटतात. एक आराखडा घे, तो नीट वापर, बाकीचे सोड.

आता ज्याचं मला सर्वात वाईट वाटलं ते. जिथे अजून गर्दी आहे ते चौथं केंद्र तू काढून टाकणार आहेस!

अगं, तेच तर तुझ्याकडचं सोनं आहे. एकाच महापालिकेचा पगार, एकच प्रशिक्षण, एकसारखी वस्ती, तोच मंगळवार, आणि तरी तिथे बायका येतात. 'सिस्टर वेगळ्याच आहेत' हे उत्तर नाही, तिथून प्रश्न सुरू होतो. वेगळ्या म्हणजे काय? त्या करतात काय? लागोपाठ चार मंगळवार तिथे जाऊन कोपऱ्यात बस, कशाला हात लावू नकोस, कुणाला हाक मारू नकोस. सिस्टर किती वाजता खोली उघडतात? मला दाट शंका आहे की वेळेत काहीतरी असणार. वस्तीतल्या बायका सकाळी नळाचं पाणी भरून धुण्या-भांड्याच्या कामाला जातात आणि दुपारी दोनला परततात, तोवर आपली ओपीडी संपलेली असते. त्या सिस्टर दुपारी थांबतात का? आधी बीपी बघतात आणि मग हळूच विषय काढतात का? पहिल्यांदा आलेल्या बाईबरोबर तिच्या ओळखीची, आधी तपासून गेलेली कुणी असते का? डाग दिसला तर त्या काय शब्द वापरतात? माझी शंका चुकीची ठरली तरी चालेल, तू जे दिसेल ते लिही. आणि आशाताईंशी बोलताना त्यांच्या वरिष्ठांसमोर बोलू नकोस. त्यांचा अर्धा दिवस घेतलास तर त्याचा मोबदला दे, तशी तरतूद नीतिशास्त्र समितीकडून मंजूर करून घे.

'जनजागृतीचा अभाव' हे शब्द प्रबंधातून काढून टाक. सरांशी मी इथे पूर्ण सहमत आहे. का ते सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी शहापूर तालुक्यात होते. जुलाबाच्या साथीत ओआरएसची पाकिटं घरोघर वाटली होती. 1971 च्या बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या लोंढ्यात डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत याच मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो माणसं वाचवली होती, हे मी पाठ सांगायचे. एका पाड्यावर एका घरात गेले तर मूल सुकलेलं आणि पाकीट फोडलेलं. आईने ते अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं होतं. मी माझ्या अहवालात लिहिलं: 'मातेचे अज्ञान.' पुढे कितीतरी दिवसांनी लक्षात आलं की त्या घरात एक लिटर मोजता येईल असं भांडंच नव्हतं. पेला होता, हंडा होता. पाकिटावर 'एक लिटर' असं छापलेलं होतं, आणि आम्ही कुणी तिला तिच्या घरातलं कोणतं भांडं किती वेळा भरायचं ते दाखवलं नव्हतं. मूल वाचलं, आम्ही त्याला उचलून दवाखान्यात आणलं म्हणून. तो अहवाल मात्र तसाच वर गेला. अजून ते दोन शब्द आठवले की मला झोप लागत नाही. तुझ्या वस्तीतल्या बायकांना कॅन्सर म्हणजे काय ते माहीत आहे. त्यांना कडी नसलेलं दारही माहीत आहे.

पीएचडीच्या समितीत कुणीतरी म्हणेल की व्हीआयए आता मागे पडली, जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये एचपीव्ही डीएनए तपासणीला (म्हणजे या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू शोधणाऱ्या तपासणीला) पहिली पसंती दिली आहे. खरं आहे. त्यात बाईला स्वतःचा नमुना स्वतः घेता येतो, म्हणजे टेबल, पाय वर घेणं, दार, हे सगळं टळतं. पण व्हीआयएचं उत्तर एका मिनिटात समोर असतं, डीएनएचं बहुतेक ठिकाणी नंतर येतं, आणि मग उत्तर घेऊन त्या बाईपर्यंत परत पोचायचं काम वाढतं. तुझ्याकडे सात जणी हातातून निसटल्या आहेत. नवी तपासणी आली की हा प्रश्न मोठा होणार, आणि त्यावर आधीच काम केलेलं माणूस लागेल. एवढं सांगितलंस तरी पुरे.

घरचं. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएचडीला प्रवेशापासून सहा वर्षं आहेत, पुनर्नोंदणीने आणखी दोन आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. मातृत्व-बालसंगोपन रजाही 240 दिवसांपर्यंत मिळते. तू चौथ्या वर्षात आहेस, म्हणजे उशीर झालेला नाही. अठरा महिन्यांचं वेळापत्रक कागदावर लिहून फ्रिजवर लाव, घरात सगळ्यांना दिसेल असं. सासूबाईंच्या 'अजून किती' ला तारीख मिळाली की त्यांचा प्रश्न बहुधा निवळेल.

आणि सासूबाईंशी एकदा निवांत बसून बोल. त्यांनी ही तपासणी कधी केली आहे का, विचार. नसेल तर का नाही, ते मध्ये न बोलता ऐकून घे. तू स्वतः केलीस का? तुझं वय 36 आहे. मी तुझ्या वयाची असताना केली नव्हती, सगळं माहीत असून. पुढे बावन्नाव्या वर्षी केली, तीही एका मैत्रिणीने हाताला धरून नेलं म्हणून. त्या दिवशी मला आपल्या बायकांविषयी जे कळलं ते तीस वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं. तुम्ही दोघी एकाच मंगळवारी जाऊन या, त्या चौथ्या केंद्रात.

त्या सात जणी सापडल्या की मला दोन ओळी लिही. आणि कडीसाठी कुठलाही प्रस्ताव पाठवत बसू नकोस, नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आण आणि सुताराकडून बसवून घे. बसवलीस की त्या दिवसाची तारीख डायरीत नोंदव, त्यानंतरच्या मंगळवारांचे आकडे वेगळे मोजावे लागतील.